उभ्या गाडीचा खुराक

उन्हाळ्यात चार-आठ दिवस घर बंद ठेवून परत आलं की नागपूरकर आधी काय बघतो ते ठरलेलं आहे. बाल्कनीतल्या कुंड्या, कूलरची टाकी, फ्रीजमध्ये राहून गेलेली दह्याची वाटी. विजेची गाडी आल्यापासून आमच्या घरी या यादीत एक आकडा वाढला. जाताना स्क्रीनवर ७४ टक्के होते, आल्यावर ७१. गाडी कुलूपबंद, चावी कपाटात, चाक तसूभर हललेलं नाही, मग तीन टक्के गेले कुठे? माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी अशी गाडी घेतली, त्या सगळ्यांना पहिल्या एक-दोन महिन्यांत हा प्रश्न पडलेला आहे, आणि सगळ्यांनी तो घरफोडीची तक्रार द्यायला आल्याच्या सुरात विचारलेला आहे.

आमच्याकडे उत्तर द्यायला घरातच माणूस होता. माझे सासरे, म्हणजे मामाजी, वीज मंडळात सबस्टेशनवर ऑपरेटर होते. २००५ मध्ये मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण त्यांच्या तोंडी अजून 'मंडळ'च. दर तासाला पॅनेलसमोर उभं राहून रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीट भरायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर शीट कशाची भरायची हा प्रश्न होता, तो गाडीनं सोडवला. एका जुन्या डायरीत त्यांनी पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, टक्के, बाहेरचं तापमान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ओळींवर एकच शब्द आहे, 'उभी'. त्यात नवल नाही. नोकरदाराची गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते. आपण तिला 'चालवतो' म्हणतो एवढंच.

तीन टक्क्यांचा हिशेब मागायला गेले तेव्हा त्यांनी डायरीतून मान वर केली आणि म्हणाले, "उभी आहे म्हणजे खात नाही, असं कोणी सांगितलं तुले?"

याचं प्रात्यक्षिक मला डिसेंबरात मिळालं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री फक्त कूलर ऐकू येतात. थंडीत ते बंद झाले की कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, आवाज कानाला लागतो. खालच्या पट्टीतला, कुठेच न तुटणारा हुंकार. जेवण झाल्यावर शतपावलीला म्हणून मामाजी मला तिथपर्यंत घेऊन गेले आणि कुंपणाशी उभं केलं. ट्रान्सफॉर्मरच्या आत लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गाभा असतो. आपल्या विजेबरोबर तो सेकंदाला पन्नास वेळा या दिशेनं आणि पन्नास वेळा उलट दिशेनं चुंबकीय होतो, दर वेळी डोळ्यांना दिसणार नाही इतका ताणला जातो आणि आकसतो. त्यातून तो शंभर हर्ट्झचा आवाज निघतो. या उलटसुलट होण्यात जी वीज उष्णता होऊन जाते तिला मंडळाची माणसं आयर्न लॉस म्हणतात. वस्तीत एकही दिवा लागलेला नसला तरी तो खर्च चालूच. घराघरांतून लोड वाढल्यावर गुंडाळ्यांच्या तारांत जी वीज जाते ती वेगळी, तो कॉपर लॉस. "कॉपर लॉस लोकायच्या नावावर," मामाजी म्हणाले, "आणि आयर्न लॉस कोणाच्याच नाही. पेटी उभी आहे ना, मग ती जेवणारच."

पुढे त्यांचं बोलणं थेट कोराडीच्या वीज केंद्रापर्यंत गेलं. कोळशावरचं वीज केंद्र आपलेच पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्या चालवायला तयार केलेल्या विजेतली साधारण सहा ते आठ टक्के वीज स्वतःच वापरतं. तिथून निघालेली वीज मोठ्या लाइनीत, सबस्टेशनात, डीपीत, गल्लीतल्या तारांत थोडी थोडी देत देत आमच्या पार्किंगमधल्या पंधरा अँपियरच्या प्लगपर्यंत येते. एवढ्या लांबच्या वाटेवर सगळ्यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर शेवटी गाडीनंही घेतला, तर फक्त तिच्याच नावानं ओरड का, असा त्यांचा मुद्दा. मला तो तेव्हा पूर्ण पटला नव्हता. पण प्रश्न बदलला. 'कोणी नेले' हे सोडून 'गाडीत कोण कोण जागं असतं' हे मी विचारायला लागले.

बरेच जण असतात. चावी जवळ आली का हे ऐकणारा एक रिसीव्हर असतो. कंपनीच्या सर्व्हरशी अधूनमधून बोलणारा मोडेम असतो, ज्यात आपल्या मोबाइलसारखंच सिम असतं. अलार्म असतो. आणि बॅटरीतल्या सेलांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था असते, जी तापमान बघते, सेलांचे व्होल्ट बघते, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा भरलेला असेल तर त्याला जरा उतरवून सगळ्यांना एका पातळीवर आणते. नीट झोपलेली गाडी या सगळ्यांना काही वॅटवर सांभाळते. पाच वॅट धरले तर चोवीस तासांत १२० वॅट-तास, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सासुद्धा नाही. आमची बॅटरी तीस युनिटांची आहे, म्हणजे एक टक्का बरोबर तीनशे वॅट-तासांचा. दोन-अडीच दिवसांना एक टक्का. ७४ चे ७१ व्हायला आठवडा लागला होता, तेव्हा हिशेब जवळपास जुळतो. युनिटला दहा रुपये धरले तरी त्या तीन टक्क्यांची किंमत नऊ रुपये झाली. नऊ रुपयांसाठी मी दोन दिवस कस्टमर केअरच्या मागे लागले होते, हे मामाजींनी डायरीत लिहिलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

बॅटरीच्या रसायनातून आपोआप होणारी गळती याहून वेगळी, पण ती फारच हळू असते. लिथियम बॅटरीचे सेल साधारण हवेत महिन्याला एक ते तीन टक्के सोडतात. उष्णता वाढली की वेग वाढतो. दर दहा अंशांना दुप्पट, हा ढोबळ हिशेब रसायनशास्त्राच्या मास्तरांनी शाळेतच सांगितलेला असतो. म्हणजे रोजची जी घट डोळ्यांना दिसते तिच्यात रसायनाचा हात कमी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जागरणाचा जास्त.

खरा खर्च गाडी जागी झाली की सुरू होतो. सगळे कॉम्प्युटर चालू झाले की वापर शे-दोनशे वॅटवर जातो, आणि गाडी एकदा जागी झाली की लगेच झोपत नाही. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे बघते, मग आडवी होते. आता हिला जागं कोण करतं? आमच्या घरी, माझा नवरा. तो ऑफिसात बसून दर दीड-दोन तासांनी मोबाइलवरचं ॲप उघडून बघायचा, गाडीत किती टक्के आहेत. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये सर्व्हरवर साठवलेला शेवटचा आकडा दिसतो, त्यानं गाडीला काही होत नाही. पण काही गाड्यांत ॲप उघडलं की थेट गाडीलाच फोन जातो, ती दचकून उठते, सगळी यंत्रणा चालू करते आणि सांगते: ७१. दोनशे वॅट, पंधरा मिनिटं, म्हणजे पन्नास वॅट-तास. दिवसातून सहा वेळा विचारपूस केली की तीनशे. एक टक्का गेला का, हे बघण्यातच एक टक्का जातो. मामाजींनी हे गणित डायरीच्या शेवटच्या पानावर मांडून मुलापुढे ठेवलं आणि वर एक ओळ लिहिली, 'निरीक्षकाचा लॉस'. हा प्रकार मंडळाच्या कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांनीच शोधलेला.

पहारा देणारे कॅमेरे असलेल्या गाड्यांची गोष्ट याच्याही पुढची. टेस्लाच्या सेन्ट्री मोडमध्ये गाडी उभी असताना कॅमेरे आणि कॉम्प्युटर सतत चालू राहतात. दोनशे-अडीचशे वॅट धरले तर चोवीस तासांत पाच-सहा युनिटं. टेस्लाच्याच मालक-पुस्तिकेत उभ्या गाडीचा रोजचा साधारण एक टक्का गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि पहारा लावला की तो वाढतो हेही. गाडी उन्हात तापू नये म्हणून मालक नसतानाही एसी चालवण्याची सोय काही गाड्यांत असते, तिचाही खर्च याच खात्यात. आमच्या स्कीममध्ये गाडीपासून दहा फुटांवर चौकीदार खुर्ची टाकून बसलेला असतो. असा पहारा ज्याला विकत घ्यायचा त्यानं घ्यावा. मला तो नागपूरच्या फ्लॅट स्कीममधला शुद्ध नवाबी शौक वाटतो.

चौकीदाराचा विषय निघालाच आहे, तर त्याची तक्रार सांगायला हवी. एका सकाळी त्यानं मला गेटपाशी थांबवून हळूच सांगितलं, "ताई, तुमच्या गाडीत रात्री कोणीतरी राहते." रात्री दोन-अडीचला गाडीतून 'टक्' असा आवाज येतो, मग कुठेतरी बारीक घूं सुरू होतं, नंतर पुन्हा 'टक्'. त्यानं टॉर्च मारून आत बघितलं होतं, खाली वाकून मांजर बघितलं होतं. त्या रात्री मामाजी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून खाली गेले आणि चौकीदाराशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी अकराला वर आले. ते 'टक्' ऐकूनच वर आले, आणि सकाळी चहा घेताना त्यांचा चेहरा असा खुललेला होता जसा सबस्टेशन सोडल्यापासून मी पाहिला नव्हता. "कॉन्टॅक्टर आहे ना बाप्पा! रिले पडते, रिले उठते. मले तर झोपेतही ओळखू येते."

झालं असं की विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, आणि घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना दुसरीचा पत्ताच नसतो. खाली फरशीत बसवलेली मोठी, तीनशे-चारशे व्होल्टची. आणि बॉनेटखाली, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच, बारा व्होल्टची छोटी. कुलपं, दिवे, स्क्रीन, रिसीव्हर, मोडेम हे सगळं छोटीवर चालतं. मोठी बॅटरी सुरक्षेसाठी कॉन्टॅक्टर नावाच्या जाड स्विचांनी बाकीच्या गाडीपासून तोडून ठेवलेली असते, आणि ते स्विच जोडायलाही छोटीचीच वीज लागते. उभ्या गाडीत छोटी उतरत जाते. एका पातळीखाली गेली की बऱ्याच गाड्या आपणहून उठतात, कॉन्टॅक्टर जोडतात, मोठीतली थोडी वीज छोटीत भरतात, पुन्हा कॉन्टॅक्टर तोडून झोपतात. तेच ते 'टक्', घूं आणि पुन्हा 'टक्'. सकाळी आपल्याला मोठीचा अर्धा टक्का कमी दिसतो. तो हरवलेला नसतो, खालच्या खोलीतून वरच्या खोलीत गेलेला असतो.

छोटी बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर नागपूरचं ऊन तिचा काळ आहे. सीताबर्डीकडचा एक बॅटरीवाला म्हणतो, दोन उन्हाळे निघाले तर आपले, तिसऱ्याचा भरवसा धरू नका. आमची तिसऱ्यातच गेली. अकोल्याला लग्न होतं, रेल्वेनं गेलो होतो. परत आलो तर गाडी हँडलला दाद देईना. चावीचं बटण दाबलं, काही नाही. ॲपमध्ये गाडी 'संपर्काबाहेर'. मोठ्या बॅटरीत सत्तर टक्के वीज होती, दीडशे किलोमीटरच्या घरात जाईल एवढी, आणि गाडी दरवाजा उघडायला तयार नव्हती. म्हातारी छोटी भरली तरी धरून ठेवत नव्हती. तिला पुन्हा भरायला उठायचं, तर उठण्यापुरतीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

चावीच्या आत लपवलेली लोखंडी पात असते, ती काढून दरवाजा उघडला. बॉनेट खेचलं. मामाजींनी आधी मॅन्युअल मागितलं, चष्मा बदलला, ते पान उभ्यानंच दोनदा वाचलं, कारण विजेच्या गाडीला दुसऱ्याकडून जंप घेता येतो पण तिनं दुसऱ्याला जंप देऊ नये असं बऱ्याच कंपन्या लिहितात, आणि मंडळाचा माणूस लिहिल्याशिवाय तारेला हात लावत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या देशमुख काकांची जुनी पेट्रोलची गाडी बाजूला आणली, लाल चिमटा लालला, काळा बॉडीच्या लोखंडाला. क्षणभर काही नाही, मग दिवे, स्क्रीन, आणि आतून ओळखीचं 'टक्'. काका खूश. "आमच्या पेट्रोलवालीनं तुमच्या करंटवालीला उठवलं," हे ते अजून प्रत्येकाला सांगतात. त्यांना सांगू देतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर याच पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीसकट कितीतरी पेट्रोलच्या गाड्या मेलेल्या निघाल्या होत्या आणि मेकॅनिक एकेका स्कीमला सबंध दिवस देत होता, तेही सगळ्यांना आठवतं. उभी गाडी तेव्हाही खात होती. तेव्हा तिच्या अंगावर टक्क्यांचा आकडा नव्हता, म्हणून कुणी हिशेब मागितला नाही.

आणि तो आकडा तरी काय आहे? पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, तो खरोखर पेट्रोलवर बसलेला असतो. बॅटरीत टक्के मोजणारं असं काही नसतं. गाडी दोन गोष्टींवरून अंदाज बांधते: किती करंट आत गेला, किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी, आणि सेलांचे व्होल्ट. आमच्या गाडीत, आणि भारतातल्या मध्यम किमतीच्या पुष्कळ गाड्यांत, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं. हे रसायन टिकाऊ, तापलं तरी चटकन बिथरत नाही, नागपूरसाठी अगदी जोगं. पण त्याची एक खोड आहे. वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत एका सेलचे व्होल्ट जवळपास हलतच नाहीत, ३.२ आणि ३.३ च्या मध्ये रेंगाळतात. मग व्होल्टवरून टक्के ओळखणार कसे? गाडी बिचारी बेरीज-वजाबाकीवर विसंबते, बारीक बारीक चुका साठत जातात, आणि निवांत उभी राहिली की कधीतरी ती आपलाच हिशेब दुरुस्त करते. रात्री ६४, सकाळी ६१. हे तीन टक्के रात्री गेलेच नाहीत. ते आधीच नव्हते, कळले रात्री. म्हणूनच अशा बॅटरीला अधूनमधून पूर्ण शंभरपर्यंत भरा असं कंपन्या सांगतात, म्हणजे टोकाला व्होल्ट चढतात आणि गाडीला आपण कुठे आहोत ते नक्की कळतं.

उलटंही होतं. नागपूरची थंडी लोक हसण्यावारी नेतात, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद आहे. गारठलेल्या बॅटरीतून वीज सहज निघत नाही, काही गाड्या तेवढी वीज पहाटे हिशेबातून वगळतात आणि ऊन आलं की परत धरतात. मामाजींच्या डायरीत एका जानेवारीच्या पानावर सकाळी ६२, दुपारी ६३ अशी नोंद आहे, चार्जिंगशिवाय. शेऱ्यात 'आपोआप वाढले' आणि खाली दोन रेघा. कमी झालेल्या टक्क्याची चौकशी करायला आख्खं घर लागतं, वाढलेल्याची कुणी केली नाही.

यंत्रानं आकडा दाखवला म्हणजे तो खरा, ही समजूत नागपूरकरांनी तरी सोडायला हवी होती. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. दिवसभर मोबाइलवर तोच आकडा फिरला, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी 'जिवंत आहात ना' असे फोन केले, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ऊन खरं होतं, ५६ खोटे होते. त्या दिवशी आम्ही कूलरसमोर बसूनच होतो आणि तापमान ४४-४५ आहे की ५६ हे अंगाला चांगलं कळत होतं, तरीही आकड्यावर विश्वास बसलाच.

या सगळ्या उलाढालीत मामाजींनी एक काम खरंच उपयोगाचं केलं. पार्किंगमधल्या प्लगच्या मागे त्यांनी सब-मीटर बसवून घेतला. त्यातून कळलं की मीटरवर अकरा युनिटं पडली तर बॅटरीत पोचतात पावणेदहाच्या आसपास. घरातल्या प्लगमधून येणारी एसी वीज गाडीतला चार्जर डीसी करतो, त्यात गरम होतो, आणि साध्या प्लगवर चार्जिंगला रात्रभर लागते तेवढा वेळ गाडी जागी राहते ते वेगळंच. दहा-पंधरा टक्के असे वाटेत जाणं अगदी सर्वसाधारण आहे. एका भरणीत गेलेली ही सव्वा युनिट वीज म्हणजे झोपलेल्या गाडीचा दहा दिवसांचा खुराक. पण ती गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही, बिलात मिसळून येते. म्हणून तिच्यावरून घरात कधी चर्चा झाली नाही.

आणि यापुढची जी घट आहे ती तर बिलातही दिसत नाही. मला ती कळली तेव्हा तीन टक्क्यांवरचा राग कायमचा उतरला. सेलच्या आत ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर असतो. बॅटरी वापरली-न वापरली तरी तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना थोडं लिथियम आपल्यात कायमचं अडकवून ठेवतो. ते लिथियम पुन्हा वीज वाहायला येत नाही. या थराला दोन गोष्टी मानवतात: उष्णता आणि भरलेली बॅटरी. आता नागपूरचा मे डोळ्यांसमोर आणा. नवतपा लागलेला, शाळांना सुट्ट्या, घरचे सगळे महाबळेश्वरला, आणि निघण्यापूर्वी बॅटरी 'परत आल्यावर त्रास नको' म्हणून काठोकाठ शंभर भरून गाडी उघड्या अंगणात उन्हात उभी. परत आल्यावर स्क्रीनवर ९७. लोक त्या तीनची चौकशी करतात. ते तीन प्लगला लावले की रात्रीत परत येतात. जे परत येणार नाही त्याचा आकडाच नाही, कारण स्क्रीनवरचे शंभर हे नेहमी आता जेवढी उरली आहे तेवढ्या बॅटरीचे शंभर असतात. बॅटरी कितीही झिजो, भरली की ती शंभरच सांगणार. फॉस्फेटची बॅटरी हे बरंच सोसते, निकेल-कोबाल्टवाली कमी सोसते, पण उन्हात भरून ठेवलेलं दोघींनाही आवडत नाही.

म्हणून आमच्या घरचा रिवाज उलटा झाला. लांब जायचं असेल तर निघायच्या आदल्या रात्री शंभर, आणि गाडी घरी ठेवून जायचं असेल तर पन्नास-साठ. समृद्धीवरून शिर्डी गाठायची तर शंभर भरा आणि लगेच निघा, भरून उभी करू नका. गाडी सावलीत. आमचं सुदैव की स्कीमच्या तळमजल्यावर छताखाली जागा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये ऑफिसला गेले की मी मात्र कडुनिंबाखालच्या जागेसाठी वीस मिनिटं लवकर निघते, आणि त्या जागेवरून दोन सहकाऱ्यांशी माझं फार बरं नाही.

एक गंमत राहून राहून मनात येते. विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग देशात पहिल्यांदा झाला तो नागपुरातच. २६ मे २०१७ ला, ऐन नवतप्यात, ओलाच्या विजेच्या टॅक्सींना इथे हिरवा झेंडा दाखवला गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पेट्रोल पंपावरचं देशातलं पहिलं चार्जिंग स्टेशनही इथेच आलं. टॅक्सीवाल्याला गाडी उभी राहिली की धंदा बुडतो, त्यामुळे उभ्या गाडीनं काय खाल्लं हा प्रश्न त्याच्यापर्यंत येतच नाही. हा प्रश्न आमच्यासारख्यांचा, ज्यांची गाडी आठवड्यात पाच दिवस ऑफिसला आणि दोन दिवस कुठेच जात नाही.

देशमुख काकांनीही यंदा पेट्रोलवाली काढून विजेची घेतली. घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी सकाळी वर आले आणि दारातूनच म्हणाले, "रात्रीतून दोन टक्के गेले हो, हे काय आहे?" मामाजींनी त्यांना आत बसवलं, डायरी काढली, आणि डीपीपासून सुरुवात केली. काकू खालून तीनदा हाका मारून थकल्या. आता काका-काकू दोन महिने मुलाकडे बंगळुरूला गेले आहेत. जाताना गाडी पंचावन्न टक्क्यांवर ठेवली, ॲपमधली सगळी नोटिफिकेशनं बंद केली आणि चावी मामाजींच्या हातात दिली, कारण छोट्या बॅटरीसाठी पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढलेली बरी, असं मामाजींनीच सांगितलं होतं. पंधरा दिवसांचे आठ कधी झाले ते कळलं नाही. शनिवारी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून काकांची गाडी काढतात, अंबाझरीला एक चक्कर मारतात, वाटेत तर्री-पोहे खातात आणि साडेनऊच्या आत परत येतात. आमच्या गाडीची चावी कपाटात असते, पण ती मागत नाहीत. काकांच्या गाडीचा एसी जास्त गार आहे म्हणे. डायरीत त्या गाडीसाठी वेगळं पान आहे, आणि त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं असतं: 'देखभालीकरिता फिरवली'.